आप्पांच्या जोत्यावरची नोटीस

ते पत्रक मी लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. शिरूरच्या छापखान्यात मीच घेऊन गेले, प्रूफ मीच तपासलं आणि शेवटची ओळ मोठ्या टायपात घ्या असंही मीच बजावलं. ओळ अशी होती : ‘शिवारातल्या प्रत्येक विनापरवाना बांधकामाची तपासणी झालीच पाहिजे. अपवाद एकही नको!’

आमच्या घराला पत्रकं नवी नव्हती. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, सगळं आयुष्य त्यात घातलं. कालव्याच्या पाण्यासाठी, शाळेच्या खोल्यांसाठी, रांजणगावच्या कंत्राटी कामगारांसाठी. वाटून उरलेल्या पत्रकांची पाठ कोरी असायची. माझे पाढे त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर झाले, शुद्धलेखनही त्यावरच. अन्याय चार वाक्यांत सांगायचा आणि मागणी एका वाक्यात करायची, हे मला व्याकरणाच्या आधी कळलं होतं. मागणी करताना आवाज कापता कामा नये, हेही.

आणि अन्याय खराच होता. आमचं गाव केंदूरच्या अलीकडं, रांजणगावच्या कारखान्यांपासून दुचाकीनं जाऊन-येऊन करता येईल एवढ्या अंतरावर. एजंटांनी दोन-तीन वर्षांत शिवारात नुसता धुमाकूळ घातला होता. कांद्याचं रान विकत घ्यायचं, मुरूम टाकून रस्ता काढायचा, फक्कीनं पांढऱ्या रेघा मारायच्या, झेंडे लावायचे आणि बिगरशेती नसलेली जमीन ‘एनए प्लॉट’ म्हणून विकायची. घेणारे कोण? बिहारातून, मराठवाड्यातून आलेले कामगार. गुंठाभर जागा घेऊन वर्षानंतर त्यांना कळायचं, की सातबाऱ्यावर नाव लागत नाही, घराला परवानगी मिळत नाही, पाण्याची जोडणी मिळत नाही. बीडचा एक फिटर आमच्या अंगणात बसून रडला होता. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहायला घेतलं.

त्यात मी साध्या भाषेत नियम सांगितले होते. सरकारी नकाशात प्रत्येक गटाला रंग आहे. पिवळ्या पट्ट्यात घर बांधता येतं, हिरव्या पट्ट्यात शेती करायची. पिवळ्यातसुद्धा आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, मगच पाया खणायचा. आणि ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. ही शेवटची गोष्ट मी अधोरेखित केली होती, कारण गावात ती कुणालाच पटत नाही. पिढ्यान् पिढ्या सरपंचाकडं जायचं, चिठ्ठी आणायची आणि दुसऱ्या दिवशी कुदळ मारायची, अशीच घरं झाली.

आप्पांनी ते पत्रक वाचलं होतं. आप्पा म्हणजे आमचे शेजारी, बांधाला बांध. नात्यानं कुणी नाहीत, पण माझ्या जन्माचे पेढे त्यांनीच गावात वाटले होते म्हणे. गावालगतच्या रानात ते, त्यांचा मुलगा, सून आणि नात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होते. उन्हाळ्यात दुपारी त्या खोल्यांत पाऊल टाकवत नसे. शेजारीच नव्या घराचं जोतं बांधून झालं होतं. सळया उभ्या होत्या. मुलगा रांजणगावला शिफ्टमध्ये, सुट्टीच्या दिवशी काम पुढं सरकायचं.

“लई झ्याक लिव्हलंस,” आप्पा मला म्हणाले होते. “त्या एजंटांला पायजेच व्हतं.”

त्यांच्याकडं ग्रामपंचायतीचा दाखला होता. म्हणजे परवानगी आहे, असं ते समजून चालले होते. अधोरेखित ओळ त्यांनी वाचली होती, पण ती प्लॉटिंगवाल्यांसाठी आहे असं त्यांना वाटलं. आणि मी? मी रोज त्या जोत्याशेजारून स्कूटी काढत होते. मलाही ती ओळ त्या जोत्याला लागू होईल असं एकदाही वाटलं नाही. आपलं माणूस नियमाच्या बाहेरच असतं, असं आम्ही सगळे किती सहज धरून चालतो.

पत्रकाला मी निवेदन जोडलं, नगररचनेच्या ऑफिसात पोच घेतली, तीन वेळा पाठपुरावा केला. शेवटी तपासणीला माणसं आली. एजंटांना आदल्या दिवशीच कुणकुण लागली असावी. बोर्ड गायब, झेंडे गायब. फक्कीच्या रेघांना बांधकाम म्हणता येत नाही. सगळ्या शिवारात नवं, चालू विनापरवाना बांधकाम म्हणावं असं डोळ्यांसमोर एकच उभं होतं. त्यांनी टेप लावून मोजमाप घेतलं आणि जोत्याच्या कोपऱ्यावर नोटीस चिकटवली. काम थांबवा, महिन्याभरात परवानगी दाखवा, नाहीतर पाडण्यात येईल.

मी पोचले तेव्हा आप्पांचा मुलगा कंपनीच्या बसमधून उतरून नुकताच आला होता. अंगात युनिफॉर्म, हातात डबा.

“ताई, तुमचं पत्रक लईच फास्ट लागू झालं की. ओपनिंग आमच्यापास्नंच,” तो म्हणाला.

“गप रं,” आप्पा म्हणाले.

“गप का? तिनंच लिव्हलंय ना, अपवाद न्हाई म्हनून.”

“तिनं आपल्याला बघून लिव्हलं व्हतं का?” आप्पा त्याच्यावर ओरडले आणि मग माझ्याकडं वळून हळू म्हणाले, “पोरी, हे आता काय करायचं गं?”

सून आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली नाही. तिच्या थापण्याचा आवाज तेवढा जोरात येत राहिला.

मी म्हणाले, मी करते सगळं. परवानगी काढून देते.

दुसऱ्या दिवशी सातबारा काढला आणि पायाखालची जमीन सरकली. ज्या गटात जोतं होतं तो गट आप्पांच्या नावावर नव्हताच. तो आमच्या नावावर होता. आणि आम्ही ज्या ओढ्याकडच्या गटात कांदा करत होतो, तो आप्पांच्या नावावर.

आण्णांना विचारलं तर ते दचकले नाहीत. “व्हय. अदलाबदल झालेली हाय ती,” म्हणाले. माझ्या आजोबांना विहिरीसाठी ओढ्याकडची जमीन हवी होती. आप्पांच्या वडिलांना गावाजवळची. दोघं देवळात गेले, बेलभंडारा उचलला, बांधावर दोन दगड बदलले आणि एकमेकांची रानं कसायला लागले. कागदाचं नाव कुणी काढलं नाही. देवळात शपथ घेतल्यावर तलाठ्याकडं जाणं हा एकमेकांचा अपमान झाला असता. दोन्ही रानं तेव्हा सारखीच होती. नंतर कुणीतरी पुण्यात बसून नकाशावर रंग भरले. गावाजवळचं रान पिवळं झालं, ओढ्याकडचं हिरवं.

म्हणजे आप्पांना परवानगी मिळायची तर आम्ही आमच्या नावावरची पिवळी जमीन त्यांना लिहून द्यायची आणि त्यांची हिरवी आम्ही घ्यायची. पिवळ्याला आज एजंट काय भाव बोलतात हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी आण्णांकडं बघितलं. ते लगेच म्हणाले, “त्यात विचार काय करायचा? शब्द दिलेला हाय.” मला त्यांचा अभिमान वाटला. मग ते थांबले. टेबलावरच्या पत्रकांचा गठ्ठा सारखा केला. “पन माझ्या एकट्याच्या सहीनं भागायचं न्हाई. वारसात आक्काचं नाव हाय.”

आक्का म्हणजे माझी आत्या. दौंड तालुक्यात राहूला दिली होती.

“मग जाऊ या की आत्याकडं,” मी म्हणाले.

“तू जा,” आण्णा म्हणाले.

आत्या आमच्याकडं लग्नकार्यापुरती येई. जेवून, आहेर करून संध्याकाळच्या आत परत. ती जमिनीसाठी अडून बसली आहे, असं घरात बोललं जायचं. मीही ते वाक्य मैत्रिणींना सांगितलं होतं, जणू माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आप्पांना मी हे सांगायला गेले तेव्हा ते नोटिशीपाशीच बसले होते. अदलाबदल त्यांना माहीत होतीच. नकाशाचे रंग माहीत नव्हते. ऐकून झाल्यावर त्यांनी ओढ्याच्या दिशेला बघितलं.

“म्हंजी तुमचं घर माझ्या गटात हाय,” ते म्हणाले.

खरंच की. आमचं राहतं घर ओढ्याकडच्या रानात होतं. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कागदानुसार आम्ही आप्पांच्या जमिनीवर राहत होतो आणि आमच्या घराला तरी कुठली मंजुरी होती? माझी ओळ सगळ्यांच्या आधी आमच्याच उंबऱ्याला लागू होत होती.

“आप्पा, तुम्हाला वाटलं तर तुम्ही आम्हाला...”

“येडी का काय तू?” आप्पा म्हणाले. “तुझ्या आण्णाला म्हनावं, निवांत झोप.”

राहूच्या रस्त्यावर भीमेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. गुऱ्हाळांचा वास येतो, गोड आणि किंचित करपलेला. वाटेत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. चार वाक्यांत अन्याय, एका वाक्यात मागणी.

आत्या गोठ्यात कडबा कुट्टी करत होती. मशीन चालूच होतं. मला बघून तिनं पाटावर बसायची खूण केली आणि पेंढी सारत राहिली.

“तुझा बाप न्हाई आला?”

“कामात आहेत.”

“पत्रकाच्या?”

मी भाषण केलं. मशीनच्या आवाजाच्या वरताण करावं लागलं, म्हणून जरा जास्तच मोठ्यानं झालं. दिलेला शब्द, पत्र्याच्या खोल्या, एका गरिबाचं घर, आपल्या घराण्याची इज्जत. बोलताना माझा हात वर गेला. आत्यानं बटण दाबून मशीन बंद केलं. एकदम शांत झालं.

“झालं?” ती म्हणाली. “अगदी तुझ्या बापावानी बोलतीस. हात पन तसाच उडवतीस.”

ती माझ्यासमोर बसली. पदरानं हातावरचा भुसा पुसला.

“त्यो कागद घिऊन आला व्हता माझ्यापुढं. तुझ्या आज्याचं तेरावं झालं त्या दिवशी. पंगत उठली न्हवती अजून. म्हनला, आक्का, हक्कसोड हाय, एक सही कर, नुसता सोपस्कार हाय. मी म्हनलं, सोपस्कार हाय तर ऱ्हाऊ दे की माझं नाव. काय खातंय का तुमचं?”

तिनं पदराला चिकटलेला भुसा झटकला.

“आन् त्याच महिन्यात राहूच्या बाजारात एकानं माझ्या हातात पत्रक दिलं. लेकीबाळींचा जमिनीत वाटा. खाली तुझ्या बापाचं नाव. मी उभ्या उभ्या वाचलं. चांगलं लिव्हलं व्हतं.” ती हसली नाही. “त्या ओढ्याच्या रानात लग्नाआधी धा वरसं खुरपलंय मी. त्यो तवा शाळंत व्हता. मी सही केली न्हाई, तर म्हनं आक्का अडून बसली.”

ते पत्रक मला आठवत होतं. पिवळं होतं. त्याच्या पाठीवर मी सहावीची गणितं केली होती. त्याच्या पुढच्या बाजूवरच्या मजकुरातून माझ्या मनात आण्णांची मूर्ती घडली होती. आता, या गोठ्यात, ती तपासून बघायची वेळ आली होती आणि मला बघवत नव्हती. मला राग आला. आधी आत्याचा, तिनं हे सांगितलं म्हणून. मग आण्णांचा. मग आप्पांचं जोतंही मला आठवलं. आण्णांच्या आणि माझ्या हातून एकच चूक झाली होती. दोघांनीही जगासाठी लिहिलं होतं आणि लिहिताना घराच्या दाराला पाठ केली होती.

“आप्पासाठी मी सही करीन,” आत्या म्हणाली. “त्यानं माझं काय घोडं मारलंय? पन तुझ्या बापानं यायचं. हितं, या अंगनात. आन् ओढ्याचं रान कागदावर आपलं झालं की त्यात माझं नाव लागंल. पुन्हा कुनी कागद घिऊन माझ्या दारात यायचं न्हाई. हे त्यानं लिहून द्यायचं.”

“लिहून?”

“व्हय. लिव्हायला तर येतंयच की त्याला.”

मी घरी आले आणि आण्णांना जसंच्या तसं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. ते खुर्चीत बसले होते. उत्तर द्यायला त्यांना कधी वेळ लागलेला मी पाहिला नव्हता. सभेत त्यांना कुणी अडवलं तर वाक्य पुरं होण्याआधी यांचं उत्तर तयार. त्या दिवशी ते चष्मा पुसत राहिले.

“तवा माझ्या डोक्यात न्हाई आलं,” एवढंच म्हणाले.

“आलं होतं,” मी म्हणाले. “पत्रकात लिहिलं होतंत.”

असं मी वडिलांशी आयुष्यात एकदाच बोलले आहे. ते खरं होतं, म्हणून मी ते मागं घेतलं नाही आणि आजही घेत नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला पाहावं लागलं.

रविवारी ते माझ्या स्कूटीवर मागं बसून राहूला आले. आत्यानं अंगणात सतरंजी टाकली होती. तिनं चहा दिला. त्यांनी वहीतलं पान फाडून मांडीवर घेतलं आणि लिहिलं. चार ओळी झाल्या. उद्गारचिन्ह नव्हतं. आत्यानं प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचलं.

“सोपस्कार म्हनून न्हाई ना कुठं लिव्हलंस?”

“न्हाई, आक्का.”

“मग दे.” तिनं कागदाची घडी घातली. “जेवून जा.”

आम्ही जेवलो. पिठलं होतं आणि गुऱ्हाळातला ताजा गूळ. आण्णांनी दुसरी भाकरी मागून घेतली. माझ्या माहितीत त्या घरात ते पहिल्यांदाच काही मागून घेत होते.

अदलाबदलीचा दस्त शिरूरला झाला. नोंदणीच्या ऑफिसात दोन्हीकडची माणसं एका बाकावर, अंगठे, कॅमेऱ्यासमोर एकेक जण. आप्पा तिथल्या मुलीला म्हणाले, “बाई, आधारकार्डावर मी चोर दिसतो. हितं तरी जरा नीट काढा.” ती हसली. आत्या हसली. आण्णा आणि आत्या शेजारी बसले होते, मध्ये पिशवी ठेवून.

मग फेरफार, मोजणी, झोनचा दाखला, शिक्रापूरच्या इंजिनिअरकडून नकाशा. मी प्रत्येक टेबलावर गेले. नोटिशीला उत्तर दिलं. अर्ज आत असेपर्यंत पाडणार नाही, पण एक वीटही पुढं चढवायची नाही, असं साहेबांनी सांगितलं. सगळा पावसाळा जोतं तसंच उभं राहिलं. सळयांना गंज चढला. आप्पांनी त्यावर खताच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. सून माझ्याशी बोलायला लागली, पण पहिल्यासारखी नाही.

शेवटी मंजुरीच्या टेबलावर एक गोष्ट अडली. घराभोवती चारही बाजूंनी ठरावीक मोकळी जागा सोडावी लागते आणि पुढची जागा रस्त्यापासून मोजतात. आमचा रस्ता जमिनीवर बैलगाडीएवढा; नकाशात तो रुंद होणार आहे. त्या रुंद रस्त्यापासून मोजलं तर जोतं तीन फूट पुढं आलं होतं.

“एवढं मागं घ्या, मंजुरी तयार आहे,” साहेब म्हणाले. सभ्य माणूस होता. चहाही विचारला.

मला अपवाद मागावासा वाटला. शब्द जिभेवर आले होते : साहेब, गरीब माणूस आहे, तीन फुटांनी काय होतंय. दर आठवड्याला या टेबलापाशी कुणी ना कुणी हेच म्हणत असणार, एजंटसुद्धा. मी खाली बघितलं आणि म्हणाले, “सुधारित नकाशा देते.”

याचा मला आजही अभिमान वाटत नाही. लाजही वाटत नाही. रस्ता उद्या रुंद होईल तेव्हा त्यावरून ॲम्ब्युलन्स जाईल, हे खरं आहे. आणि ते तीन फूट म्हणजे आप्पांची पडवी होती, हेही खरं आहे. संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसायला त्यांना ती हवी होती. घराबद्दल बोलताना ते बाकी काही सांगत नसत, फक्त पडवी सांगत. माझ्या पत्रकात या दोन्ही गोष्टींना एकत्र जागा नव्हती. चार वाक्यांत ते बसत नाही.

त्यांना सांगायला मीच गेले. मुलगा घरी होता. मला वाटलं तो आता सुनावणार. तो जोत्याभोवती एक चक्कर मारून आला.

“पुढचे दोन कॉलम जात्यात,” तो बापाला म्हणाला. “मागं घ्यावे लागत्यान.”

“मग घ्यू,” आप्पा म्हणाले.

“पडवीचं काय?”

“पडवीत काय तू बसनार व्हतास? मी बसनार व्हतो. मी खुर्ची टाकून बसंन भाईर.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “कागद पक्का हाय ना पोरी? पुन्हा कुनी यायचं न्हाई?”

“पक्का आहे.”

“मग झालं तर.”

पुढच्या सुट्टीला तोडायला सुरुवात झाली. घण मुलाच्या हातात, पहार आप्पांच्या. आण्णा आले, दस्ताची एक प्रत आप्पांना दिली आणि शर्टाच्या बाह्या वर करून सळया वाकवायला लागले. काँक्रीट चांगलं होतं, लवकर फुटेना. प्रत्येक घावाला सून दारात डोळे मिटायची. दुपारपर्यंत एक कोपरा निघाला. नात त्यातले रंगीत खडे वेचायला लागली तेव्हा तिच्या आईनं तिला उचलून आत नेलं.

मी घमेलं घेतलं. आप्पा म्हणाले, “अर्धंच भर. पूर्न भरलंस तर उचलायचं न्हाई तुला.”

मी पूर्ण भरलं. वाकून दोन्ही हातांनी धरलं आणि जोर लावला. ते जागचं हललं नाही. आप्पा पहारीवर टेकून बघत होते. मी अर्धे तुकडे खाली ओतले, उरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं आणि रस्त्याच्या कडेला टाकून पुन्हा परत आले.